शेवयांची गाळणी

व्हर्लिन स्कारच्या हातांना कायम क्लोरीनचा वास यायचा. चर्चमध्ये शेजारी बसा, पत्ते खेळायला समोर बसा, वास आहेच. त्याची बायको आर्डिस गेली तेव्हा मी त्याला मिठी मारली, तर तिथंही आधी तो वास आणि मग रडू. चीजवाल्याचा धंदाच तसा. दूध नासायला टपलेलंच असतं. त्याचा बाप हाल्वर म्हणायचा, "साबण लावला म्हणजे निम्मं धुतलं. क्लोरीन मारला म्हणजे धुतलं." हे वाक्य पोराच्या हाडात गेलं होतं.

मी नॉर्ब. टँकर चालवायचो. दुधाचा नाही, चीज काढून घेतल्यावर जे पिवळट पाणी उरतं त्याचा. आमच्या विस्कॉन्सिनात हे पाणी ढिगानं. माझ्या लहानपणी लोक ते सरळ ओढ्यात सोडायचे आणि उन्हाळ्यात मासे उलटे तरंगायचे. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की या पाण्यात साखर आहे, तिच्यावर विरजणातले जिवाणू सोडले तर ते आंबट बनवतात, आणि त्या आंबटाला गिऱ्हाईक आहे. औषधवाले घेतात, लोणचीवाले घेतात, प्लास्टिकसारखे पेले बनवणारेही घेतात. लॅक्टिक अॅसिड म्हणतात त्याला. मी आपला आंबट म्हणतो.

स्कारांचा चीजचा कारखाना बंद पडला तेव्हा याच आंबटवाल्या कंपनीनं ती इमारत घेतली. चीजची घमेली काढून उंच टाक्या उभ्या केल्या. दारावरच्या दगडात हाल्वरचं नाव कोरलेलं होतं, ते तसंच ठेवलं. आणि व्हर्लिनला कामावर ठेवलं. म्हणजे बापाच्या घरात तो नोकर म्हणून राहिला. कुणाला हे लागलं असतं. त्याला नाही. "दिवा लागतोय ना आत," म्हणायचा, "मग कुणाचा का असेना."

त्याला भीती एकाच गोष्टीची होती, त्या दाराला कुलूप लागण्याची.

आणि ती पाळी आली. आमची टाकी लहान, काम सावकाश. कारण असं की हे जिवाणू साखर खातात, आंबट सोडतात, आणि आंबट फार झालं की त्यातच मरतात. मग टाकी रिकामी करा, धुवा, नवीन विरजण घाला, पुन्हा पहिल्यापासून. दुसरीकडच्या मोठ्या कारखान्यांपुढं आमचं काय चालणार? वरून निरोप आला की एक नवीन गाळणी बसवून बघतो. बर्फ वितळेपर्यंत ती नीट चालली तर कारखाना राहील. नाही चालली तर सामान उचलू.

गाळणीबरोबर इंजिनीअर आली, पाकू लोर. आली कसली, आमच्याच गावची. तिचे आईबाप लाओसमधून आलेले ह्मोंग लोक. आई शनिवारच्या बाजारात भाजी लावायची, अजून लावते. पाकू शाळेत असताना व्हर्लिन तिला दारातून ताज्या चीजचे तुकडे द्यायचा, दाताखाली कुरकुरणारे. आता तीच डोक्यावर टोपी घालून त्याची साहेब झाली.

"काय गं पोरी," व्हर्लिन म्हणाला, "चीज खाऊन पळायचीस, आता मला कामाला लावणार?"

"तुम्ही मोजून तुकडे द्यायचात. त्याचाच सूड आहे."

"बघ रे नॉर्ब, उपकाराची फेड."

तिनं खोक्यातून गाळणी काढली. मी टँकरची नळी जोडत होतो, ती टाकून बघायला गेलो. पाईपएवढं जाड नळकांडं, आणि आत पांढऱ्या बारीक नळ्यांचा जुडगा. अगदी शेवया. प्रत्येक शेवई आतून पोकळ.

"टाकीतलं पाणी या शेवयांतून फिरत राहणार," पाकू म्हणाली. "शेवईच्या भिंतीला इतकी बारीक भोकं आहेत की आंबट बाहेर पडतं, पण जिवाणू पडू शकत नाहीत. ते परत टाकीत. त्यामुळं ते मरत नाहीत, वाढतात, आणि जास्त जण काम करतात."

व्हर्लिननं जरा विचार केला. "म्हणजे घरातला धूर बाहेर, माणसं घरात."

"अगदी तेच."

"आणि या शेवया तुटल्या म्हणजे?"

तिनं एक सुटी शेवई त्याच्या हातात दिली. "ओढा."

त्यानं ओढली. बोटाला गुंडाळून ओढली. त्याची बोटं म्हणजे सांडशी, पण शेवई काही तुटेना. मग त्यानं ती मला दिली, मलाही तुटेना. "बायकोच्या हातच्या असत्या तर तुटल्या असत्या," मी म्हणालो. पाकू हसली. माझी बायको पुढं आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हती, कारण ही गोष्ट तिच्यापर्यंत पोचलीच.

मग पाकूनं गाळणीभोवती जमिनीवर लाल पट्टी चिकटवली. "या पट्टीच्या आत क्लोरीन आणायचा नाही. धुवायला हा साबण, ही लिंबाची पावडर, कोमट पाणी. बस."

व्हर्लिनचा चेहरा असा झाला, जसं कुणी त्याला चर्चमध्ये चड्डीवर जायला सांगितलंय. "क्लोरीनशिवाय?"

"क्लोरीनशिवाय."

"मी पन्नास वर्षं विरजण सांभाळतोय. क्लोरीन जिवाणूंना मारतो हे मला नको शिकवू. धुऊन काढायचा, पाण्यानं खळखळून, थेंब राहू द्यायचा नाही. मग विरजणाला काही होत नाही."

"व्हर्लिन, माझ्यासाठी. नको."

"बरं बाई. तुझी पट्टी."

बोलणं तिथंच संपलं. पुढं जे झालं त्याचं बी इथं पडलं. ती म्हणाली नको, तो म्हणाला बरं. नको कशासाठी, हे तिनं सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. त्याला वाटलं, ही जिवाणूंना जपतेय.

गाळणी चालली. काय चालली म्हणता! शेवयांतून बाहेर येणारं पाणी एका काचेच्या नळीतून जायचं. ते नितळ हवं, पातळ चहासारखं. गढूळ दिसलं की समजायचं शेवया फाटल्या आणि जिवाणू बाहेर वाहून चालले. व्हर्लिन येता-जाता त्या काचेमागं बोट धरायचा. बोटाच्या रेषा दिसल्या की खूश. पूर्वी टाकी सारखी रिकामी करावी लागायची, आता तेच विरजण चालूच. थँक्सगिव्हिंग झालं, हरणांच्या शिकारीचे दिवस गेले, ख्रिसमस गेला, बाहेर उणे वीस, माझ्या टँकरचे व्हॉल्व गोठायचे, आणि आत जिवाणू मजेत. व्हर्लिन त्यांना जित्राबं म्हणायचा. "माझी जित्राबं जेवतायत, हळू बोल."

तो दहा वर्षांनी तरुण दिसायला लागला. शुक्रवारी डॉटच्या बारमध्ये तळलेला मासा खाताना सगळ्या टेबलांना सांगत फिरायचा. डॉट म्हणायची, "व्हर्लिन, अजून एकदा शेवया म्हणालास तर मासा परत घेईन."

फेब्रुवारीच्या अखेरीस निरोप आला की मोठे साहेब येणार. हॅस्कँप नावाचे. गाळणी चालताना डोळ्यांनी बघणार आणि तिथंच निर्णय सांगणार. पाकू म्हणाली, घाबरायचं काही नाही, सगळं कागदावर चांगलं आहे, फक्त चालतं ते दाखवायचंय. गाळण्या दोन होत्या. एक चालायची, एक धुऊन, पाण्यानं भरून विसावा घ्यायची. साहेबांसमोर विसाव्यातली जोडून दाखवायची, असं ठरलं.

साहेब येणार त्या दिवशी सकाळी मी टँकर लावला आणि दार उघडलं. आणि थांबलोच. तो वास! सगळी इमारत क्लोरीननं घमघमत होती. जमीन, भिंती, दाराच्या मुठी, पायऱ्या. हाल्वर असाच करायचा. सरकारी तपासनीस यायचा असला की आदल्या सांजेपासून माणूस बादली घेऊन फिरायचा, आणि तपासनीस दारातच म्हणायचा, स्कार, आत यायची गरज नाही. मला एकदम मी वीस वर्षांचा असल्यासारखं वाटलं.

"व्हर्लिन," मी ओरडलो, "तुझा बाप आला की काय परत?"

तो टाकीमागून आला. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, डोळे लाल, तोंडभर हसू. "येतोय ना वास?"

"घराघरात जाईल."

"जाऊ दे. लोकांना कळू दे इथं कोण राहतं."

पाकू साहेबांना घेऊन आली ती उशिरा, रस्त्यावर बर्फ होतं म्हणून. तोवर दारं उघडून व्हर्लिननं वास जरा कमी केला होता. हॅस्कँप चांगला माणूस दिसला. बूट झटकून आत आला, दारावरचं नाव वाचलं, "हे तुमचे वडील?" विचारलं. व्हर्लिनची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण जाईल.

मग गाळणी जोडली. पंप सुरू. आम्ही सगळे काचेच्या नळीकडं बघत उभे. पाणी आलं. नितळ, पिवळसर. व्हर्लिननं काचेमागं बोट धरलं. "रेषा मोजा," साहेबांना म्हणाला.

साहेब वाकले. आणि ते वाकलेले असतानाच बोट पुसट झालं.

आधी धुरासारखी एक रेघ आली. मग दुसरी. मग सगळी नळी ताकासारखी पांढरी. पाकूनं झेप घेऊन पंप बंद केला. टाकीतलं पाणी कुठंतरी गुळगुळ करत होतं. महिनोन्‌महिने सांभाळलेलं विरजण खालच्या गटारीत चाललं होतं.

"दुसरी लावा," हॅस्कँप म्हणाले.

पाकू दुसऱ्या गाळणीकडं गेली. झाकण काढलं, वाकली, आणि तशीच राहिली. मला वाटलं, रडतेय. नंतर कळलं, ती हुंगत होती. मग ती सरळ झाली आणि व्हर्लिनकडं बघितलं. त्याच्या ओल्या बाह्यांकडं. तो बिचारा अजून काचेमागं बोट धरून उभा होता, जणू बोट काढलं नाही तर पाणी परत नितळ होईल.

"काय झालं, मिस लोर?" साहेबांनी विचारलं.

तिनं झाकण परत बसवलं. मग म्हणाली, "माझी चूक. या आठवड्यात मी दाब वाढवून बघत होते. शेवयांना सोसला नाही. दुसरीही गेली असणार."

"न विचारता वाढवलात?"

"हो."

साहेबांनी टोपी घातली. बस. एवढंच. माणूस ओरडला असता तरी बरं वाटलं असतं.

बर्फ वितळलं तसे ट्रक आले आणि टाक्या घेऊन गेले. दाराला कुलूप लागलं. पाकूची नोकरी त्याआधीच गेली होती. ती गाव सोडून मिनेसोटाकडं गेली. जाण्याआधी व्हर्लिनला भेटायला आली होती. त्यानं दार उघडलं नाही. ती पायरीवर एक खोकं ठेवून गेली, त्यात कधी न वापरलेला शेवयांचा एक जुडगा होता. आठवण म्हणून असेल.

व्हर्लिन त्या वर्षात म्हातारा झाला. आणि कडू झाला, हे जास्त वाईट. शुक्रवारी डॉटकडं बसून एकच रेकॉर्ड.

"दाब वाढवला! कुणी सांगितलं होतं? चालतंय ते चालू द्यावं ना!"

"अरे, तरुण आहे ती," मी म्हणायचो.

"तरुण! मी तिला चीज खायला घातलंय. तिनं माझ्या बापाच्या दाराला कुलूप घातलं."

डॉट म्हणायची, "तिची आई इथं मासा न्यायला येते, जरा हळू."

"येऊ दे. ऐकू दे."

आणि तिनं ऐकलंही एकदा. काउंटरपाशी पिशवी घेऊन उभी होती. ही एवढीशी बाई. त्याच्याकडं बघितलं, पिशवी उचलली, गेली.

पुढच्या हिवाळ्यात तळं गोठलं तसं मी व्हर्लिनला बर्फावरच्या माझ्या खोपटात न्यायला लागलो. लाकडाची खोली, आत शेगडी, जमिनीत भोक, भोकात गळ. घरात बसून तो भिंतींशी बोलत होता, म्हणून. आमिषाच्या बारक्या माशांची बादली तो आणायचा. चकचकीत! आमिषाची बादली चकचकीत ठेवणारा माणूस अख्ख्या तळ्यावर दुसरा नसेल. तिच्यातलं पाणी गाळायला त्यानं पाकूनं ठेवलेला तो शेवयांचा जुडगा कापून, तळाशी गाळणं म्हणून बसवला होता. "निदान एवढ्या तरी कामाला येऊ दे," म्हणाला होता.

एके दिवशी त्यानं बादली ठेवली आणि मासा काढायला हात घातला. हात वर आला तो पांढरा चुरा घेऊन.

"हे काय?" मी म्हणालो.

त्यानं एक शेवई उचलली. बोटाला गुंडाळायला गेला. टक्. दुसरी उचलली. टक्. उन्हात वाळलेल्या गवतासारख्या तुटत होत्या. पहिल्या दिवशी आम्हा दोघांना ओढून तुटली नव्हती, तसल्याच या शेवया.

"थंडीनं असेल," मी म्हणालो.

"रात्रभर घरात होती बादली. शेगडीजवळ." तो हळू बोलत होता. "क्लोरीनच्या पाण्यात भिजत. सकाळी धुतली. खळखळून. थेंब राहू दिला नाही."

बादलीत बारके मासे फिरत होते. मजेत. एकही मेला नव्हता.

तो त्या माशांकडं बघत राहिला. मग चुऱ्याकडं. मग पुन्हा माशांकडं. आणि माझ्या नाकात एकदम त्या सकाळचा वास आला, दार उघडल्यावरचा. मला कळलं, आणि कळल्यावर त्याच्याकडं बघवेना.

"त्या दिवशी," व्हर्लिन म्हणाला, "मी गाळण्यासुद्धा भिजवल्या. चालती होती ती रात्री थांबवून भिजवली, विसाव्यातली पण. साहेब येणार म्हणून. मग तीनदा धुतल्या. जित्राबांना एक थेंब लागू दिला नाही, नॉर्ब. एक थेंब नाही."

"मला ठाऊक आहे."

"मला वाटलं, ती जित्राबांसाठी सांगतेय."

गळाची दोरी हलली. मासा लागला होता. आम्ही दोघांनीही हात लावला नाही. थोड्या वेळानं दोरी थांबली.

"मग ती दाब कशाला म्हणाली?" त्यानं विचारलं. "तिला समजलं नाही होय?"

मला दुसऱ्या गाळणीवर वाकून हुंगणारी पाकू दिसत होती.

तळ्यावरचं बर्फ फुटेपर्यंत तो डॉटकडं आला नाही. उन्हाळ्यात भाज्यांचा बाजार सुरू झाला तेव्हा एका शनिवारी फोन आला. "गाडी काढ." मी काढली. त्यानं दाढी केली होती, अंत्यविधीचा कोट घातला होता, त्या उकाड्यात.

पाकूच्या आईच्या टेबलावर काकड्या, कोथिंबीर, लांब शेंगा. व्हर्लिन समोर जाऊन उभा राहिला. टोपी हातात. मागं गिऱ्हाइकं खोळंबली.

"बाई," तो म्हणाला, "तुमच्या मुलीला सांगा. ती चूक तिची नव्हती. माझ्या हातानं झाली. मी क्लोरीन घातला. मला आत्ता कळलं."

बाईनं त्याच्याकडं बघितलं. मग काकड्या नीट मांडायला लागली. मांडलेल्याच होत्या.

"तिला माहीत," ती म्हणाली. तिची भाषा तुटक. "त्याच दिवशी माहीत. घरी आली, मला म्हणाली, आई, म्हाताऱ्याला कळू नको देऊ. त्याच्या बापाचं घर. त्याच्या हातानं बंद झालं, हे त्याला कळलं तर मरेल. मी म्हटलं, आणि तू? ती म्हणाली, मला दुसरी नोकरी मिळेल."

"मिळाली?" व्हर्लिननं विचारलं.

"शहरात नळाचं पाणी तपासते." बाईनं शेंगांची जुडी सरळ केली. "गाळणीचं काम कुणी देत नाही."

तो उभाच. मी त्याच्या कोपराला धरलं.

"मी तिच्याबद्दल बोलत होतो," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर. वर्षभर."

"मी ऐकलं."

"तुम्ही तेव्हा का नाही सांगितलं?"

"तिनं नको म्हटलं होतं," बाई म्हणाली. आणि मागच्या गिऱ्हाइकाला विचारलं, काय देऊ.

परत येताना तो म्हणाला, कारखान्यावरून घे. घेतली. दगडातलं नाव तसंच आहे. आत आता कुणीतरी हिवाळ्यात बोटी ठेवतो. व्हर्लिन उतरला नाही. काच खाली करून बघत बसला. मी इंजिन बंद केलं.

"नॉर्ब."

"बोल."

"शुक्रवारी डॉटकडं यायचंय मला. सगळे असताना."

"येऊ."

"मी सांगीन. तू फक्त शेजारी बस."

"बसतो." मी गाडी सुरू केली.

त्यानं हात नाकाशी नेला, आणि घाईनं खाली घेतला. मग मांडीवर घासत राहिला, घर येईपर्यंत.